पक्ष

इंग्रजी कोशात ‘ॲलिफॉर्म’ असा एक शब्द आहे. साहेबाच्या देशातसुद्धा बाजारात भाजी आणायला गेलेल्या बाईला तो जन्मात कधी लागत नसेल. लॅटिनमध्ये ‘आला’ म्हणजे पंख आणि ‘फॉर्मा’ म्हणजे आकार; तेव्हा ॲलिफॉर्म म्हणजे पंखाच्या आकाराचे, पंखाकार. हा शब्द वापरतात ते शास्त्रज्ञ लोक. बाभळीचे लाकूड आडवे कापून त्याचा तुकडा भिंगाखाली धरला, तर पाणी वाहून नेणारी बारीक छिद्रे दिसतात आणि त्या छिद्रांच्या दोन्ही अंगांना फिकट रंगाच्या पेशी पसरलेल्या दिसतात, एखाद्या पाखराने पंख उघडावेत तशा. त्या रचनेला लाकडाचे जाणकार ॲलिफॉर्म म्हणतात. आमच्या सोलापूरकडच्या बैलगाड्यांना पिढ्यान् पिढ्या बाभळीचे लाकूड लागत आले. म्हणजे आमचे पूर्वज गाडीच्या चाकात हजारो पंख घालून धुळीच्या रस्त्याने चालले होते, आणि त्यांपैकी एकही पंख कधी उडाला नाही!

हे ‘आला’ घराणे पुष्कळ ठिकाणी सापडते. नाकपुडीच्या बाहेरच्या फुगीर कडेला डॉक्टर लोक ‘ॲला’ म्हणतात. राग आला की ती कड हलते, तेवढेच तिचे उडणे. कवटीच्या तळाशी एक हाड असते, त्याला दोन मोठे आणि दोन लहान पंख असतात. आपल्या परिभाषेत त्याला जतूकास्थी म्हणजे वटवाघळाचे हाड म्हणतात. आणि शेवग्याची शेंग वाळून फुटली की आतल्या बीला तीन कागदी पंख असतात, ते कुणीही परसात जाऊन पाहावे. हे बी मात्र वाऱ्यावर थोडे दूर जाते. जावयाचे कुठे हे वारा ठरवतो, बी नव्हे.

पंखाच्या आकाराची वस्तू आणि पंख यांत हे अंतर आहे, आणि इंग्रजी शब्द ते प्रामाणिकपणे दाखवतो: आकार आहे, एवढेच तो सांगतो, उडते असे म्हणत नाही. आपल्याकडे मात्र याच कुळातला एक शब्द असा आहे की तो आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो आणि त्याच्या आत पंख आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसते. तो शब्द म्हणजे पक्ष.

पक्ष म्हणजे पंख. पक्ष ज्याला आहेत तो पक्षी. इतके सोपे आहे. पण हा शब्द पाखराच्या अंगावर राहिला नाही. पाखराला दोन अंगे, म्हणून अंग म्हणजे पक्ष. चंद्राच्या महिन्याला दोन अंगे, उजेडाचे आणि काळोखाचे, म्हणून शुक्लपक्ष आणि कृष्णपक्ष. लग्नाला दोन अंगे, वरपक्ष आणि वधूपक्ष, आणि त्यांत शुक्ल कोणता व कृष्ण कोणता हे मानपान होईपर्यंत सांगता येत नाही. शरीराचे एक अंग लुळे पडले की पक्षाघात. कोर्टात भांडणारा तो पक्षकार. कौटिल्याच्या सैन्यरचनेतही बाजूच्या फळीला पक्षच म्हटले आहे, आणि गंमत अशी की रोमन लोकही आपल्या सैन्याच्या बाजूला ‘आला’च म्हणत. दोन दूरच्या देशांतल्या सेनापतींना आपापल्या फौजा पाखरासारख्या दिसल्या! तळकोकणात आणि घाटावर उतरत्या छपराच्या एकेका बाजूला पाखे म्हणतात. ते याच शब्दाचे लेकरू. आमच्या भागात माळवदाची घरे, वर सपाट माती, म्हणून आमच्या घरांना पंख नाहीत. (मायेची ‘पाखर’ मात्र या घरातली नाही. तो शब्द घोड्याच्या आणि हत्तीच्या चिलखताचा आहे. आई आपल्याला पंखाखाली घेते असे आपण समजतो. भाषा म्हणते की ती आपल्यावर चिलखत घालते.)

इंग्रजी ‘विंग’ही आपल्याकडे आली ती अशीच बाजू म्हणून. इस्पितळाची विंग, सोसायटीची बी विंग. नाटकात विंगेत उभा राहणारा माणूस ना रंगमंचावर असतो ना प्रेक्षकांत. पण नटाचे अडले की त्याच्याचकडे बघावे लागते. आणि १७८९ साली फ्रान्सच्या सभेत कोण अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसले आणि कोण उजव्या, यावरून साऱ्या जगाचे राजकारण डाव्या आणि उजव्या पंखांत वाटले गेले. सोलापूरच्या गल्लीत कानडीत पंखाला ‘रेक्के’ म्हणतात, तेलुगूत ‘रेक्क’. पण निवडणूक आली की कानडी, तेलुगू आणि मराठी तिन्ही घरांत शब्द एकच, पक्ष.

आता खरा प्रश्न. पक्ष म्हणजे पंख असेल, तर निष्पक्ष म्हणजे काय?

ज्याचे पंख गेले तो. शब्दाचा सरळ अर्थ लावला तर दुसरे उत्तर नाही. जुन्या कथांत इंद्राने पर्वतांचे पंख छाटले आणि ते जागच्या जागी बसले. ते खरे निष्पक्ष. तरीही ‘निष्पक्ष’ ही पदवी आपण मोठ्या आदराने देतो. न्यायाधीश निष्पक्ष असावा, परीक्षक निष्पक्ष असावा, वर्तमानपत्र निष्पक्ष असावे. शाळामास्तराने तर वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी आपले पंख बाहेर खुंटीला टांगून ठेवावेत अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा चुकीची आहे असे मी म्हणत नाही. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून गुण द्यावेत यात वाद कसला? पण हाच सद्गुण परीक्षेच्या खोलीतून उचलून घरात आणला, गल्लीत आणला, की तो तोच राहतो का?

घरोघरचे उदाहरण घेऊ. थोरला भाऊ धाकट्याची वाटणी दाबून बसला आहे. धाकटा आईकडे येतो. आई म्हणते, “मला दोघेही सारखे, बाबा. मी कुणाच्याच बाजूची नाही.” आईच्या तोंडी हे शोभते, त्यात मायाही असते. पण ज्याच्या हातात सातबारा आहे त्याला हे ऐकून बरे वाटते, आणि ज्याच्या हातात काही नाही त्याला हे ऐकून उठून जावे लागते. सुनेला चार माणसांत टाकून बोलले जात असताना “बायकांच्या भांडणात मी पडत नाही” म्हणून वर्तमानपत्रात डोके घालणारे सासरे आपण पाहिलेले आहेत. या निष्पक्षतेचा आकार न्यायाचा आहे, पण तिच्यात न्याय नाही. ती पंखाकार आहे. बाभळीच्या लाकडातल्या पंखांसारखी.

महाभारतात या जातीच्या निष्पक्षतेचे मोठमोठे नमुने आहेत. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला तेव्हा भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून उत्तर टाळले. पुढे युद्धाच्या तिसऱ्या दिवशी कौरवांनी गरुडव्यूह रचला, त्यात चोचीच्या जागी भीष्म होते आणि डोळ्यांच्या जागी द्रोण आणि कृतवर्मा. केवढा मोठा गरुड! पंख, चोच, डोळे, सगळे जागच्या जागी. पण तो उडाला नाही, उडणारही नव्हता. सभेत ज्यांनी पक्ष घेतला नाही त्यांना रणात तो घ्यावा लागला, आणि तोही पटत नसलेला. बलरामाचे तर त्याहून नवल. दुर्योधन आणि भीम दोघेही आपले शिष्य, म्हणून तो कुणाचाच पक्ष न घेता तीर्थयात्रेला निघून गेला. अठराव्या दिवशी परत आला तो थेट गदायुद्धाला, आणि भीमाने मांडीवर घाव घातलेला पाहून नांगर उचलून धावला, का तर नियम मोडला! सतरा दिवस काय काय मोडत होते ते पाहायला हा गृहस्थ नव्हता.

त्याच सभेत विकर्ण नावाचा एक कौरव होता. दुर्योधनाचा सख्खा भाऊ. थोरले सगळे माना खाली घालून बसले असताना या पोराने उठून सांगितले की द्रौपदी जिंकली गेली नाही. त्याचे कुणी ऐकले नाही. पुढे तो कौरवांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. त्याला मारताना भीमालाही हळहळ वाटली. विकर्ण निष्पक्ष नव्हता. त्याचा पक्ष कोणता हे त्याच्या जन्मानेच ठरले होते आणि तो त्याने सोडलाही नाही. पण आपल्या पक्षाविरुद्ध खरे बोलता येते, हे त्या सभेत त्या एकट्याने दाखवले. भीष्मांच्या नावाने आपण प्रतिज्ञा सांगतो. विकर्णाचे नाव मुलाला ठेवलेले मी तरी ऐकलेले नाही.

पक्ष घेण्याला किंमत पडते हे कुणी नाकारीत नाही. जटायू म्हातारा होता, रावणाच्या वाटेला न जाता फांदीवर बसून राहिला असता तर त्याला कुणी नावे ठेवली नसती. त्याने पक्ष घेतला आणि त्यापायी पक्ष गमावले, दोन्ही अर्थांनी. सोलापूरकराला तर इतके दूर जायला नको. १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. चौघांच्या घरचे देव वेगळे, बोलीही सारख्या नव्हत्या. त्या दिवसांत “आम्हाला काय त्याचे” म्हणणारेही शहरात असतीलच. त्यांचे पुतळे चौकात नाहीत.

पण एवढ्यावरून ‘पक्ष घ्या’ म्हणून मोकळे होता येत नाही. आजूबाजूला पाहिले तर पक्ष न घेणाऱ्यांची नव्हे, घेणाऱ्यांचीच गर्दी फार. सकाळी चहाच्या कपाबरोबर जो तो आपला पक्ष हातातल्या यंत्रावर वाचतो आणि रात्रीपर्यंत त्याच्याच कैफात असतो. इथे जुन्या शास्त्रकारांची एक गोष्ट मला मोठी मोलाची वाटते. न्यायशास्त्रात पक्ष हा शब्द आहेच, पण त्याचा अर्थ ऐकून माणूस चमकतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असावा, असे अनुमान करायचे असेल तर तो डोंगर म्हणजे पक्ष. का? तर त्याच्यावर अग्नी आहे की नाही याची अजून शंका आहे म्हणून. ज्याच्याविषयी संशय शिल्लक आहे आणि जे सिद्ध करायचे आहे त्याची जागा, तो पक्ष! आणि आपण पक्ष म्हणतो तो संशय संपला तिथे.

त्याच शास्त्रकारांनी पूर्वपक्ष नावाची रीत घालून दिली. आपले मत मांडण्याआधी समोरच्याचे मत मांडायचे, आणि मांडायचे ते त्यालाही मान्य होईल इतक्या ताकदीने. लंगडा पूर्वपक्ष मांडून त्याला पाडणे हा शास्त्रात पराक्रम नव्हे. शाळेतल्या वादविवाद स्पर्धांत आम्ही मास्तर लोक हीच रीत मुलांना नकळत शिकवीत असतो. चिठ्ठी उचलायची, ‘बाजूने’ निघाली तर बाजूने, ‘विरुद्ध’ निघाली तर विरुद्ध. “पोराला न पटणारे बोलायला लावता, हा खोटेपणा नव्हे का?” असे एका पालकाने मला विचारले होते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी त्यांना म्हटले, न पटणारे बोलताना त्याला कळते की हे पटणारा माणूस मूर्ख नसतो. एवढे कळले तरी शाळेचे काम झाले. मात्र सगळ्याच विषयांच्या चिठ्ठ्या करू नयेत. हुंडा असावा की नसावा, शिवाशीव असावी की नसावी, यांवर बारा वर्षांच्या मुलाला ‘बाजूने’ची चिठ्ठी देणारा मास्तर मला आवडणार नाही. प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात हे वाक्य पाखराविषयी खरे आहे. प्रत्येक गोष्टीविषयी नाही. अन्याय करणारा कसा विचार करतो हे जाणून घ्यावे, पण ते त्याला उत्तर देण्यासाठी.

शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची कथा वडीलधाऱ्यांकडून सर्वांनी ऐकली असेल. वादाला पंच कोण? तर मंडनमिश्रांची पत्नी! आज एखाद्या सामन्याचा पंच म्हणून एका कप्तानाची बायको नेमली तर केवढा गहजब होईल. पण शंकराचार्यांनी ती मान्य केली. दोघांच्या गळ्यात हार घातले गेले. ज्याचा हार कोमेजेल तो हरला. नवऱ्याचा हार कोमेजला आणि तिने तसे सांगितले. एवढे झाल्यावर ती म्हणाली की मी त्यांची अर्धांगी आहे, तुम्ही अर्धाच माणूस जिंकला आहे. आता माझ्याशी वाद करा. आधी निर्णय दिला तो आपल्या पक्षाविरुद्ध. मग उभी राहिली ती आपल्या पक्षाच्या बाजूला, उघडपणे. तिचे नाव उभयभारती. उभय म्हणजे दोन्ही. तिला बिनपंखांची कोण म्हणेल?

पूर्वपक्ष न मांडता पक्ष घेतला की काय होते, याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यात आहे आणि त्यात खरोखरचा पक्षी आहे. सोलापूरपासून जवळ नान्नज. तिथली द्राक्षे प्रसिद्ध, आणि तिथला माळढोक त्याहून प्रसिद्ध. मीटरभर उंचीचा, नर असेल तर पंधरा किलोंपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पाखरांत जगातल्या सर्वांत जड पाखरांपैकी एक. उघड्या माळावर, जमिनीवरच बहुधा एकुलते एक अंडे घालतो. राष्ट्रीय पक्षी ठरवायचा होता तेव्हा सालिम अलींनी या पक्ष्याचा पक्ष घेतला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. पुढे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्याची कागदावरची हद्द होती सुमारे ८४९६ चौरस किलोमीटर, सोलापूर आणि शेजारचा अहमदनगर (आता अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत पसरलेली. तिच्यात गावे आली, विहिरी आल्या, पिकाची जमीन आली.

हेतू उत्तम होता. माळ नांगरले जात होते, शिकार होत होती, पक्ष्याला तोंड नव्हते; कुणीतरी त्याच्या बाजूने उभे राहणे भाग होते. पण त्या हद्दीत राहणाऱ्या कुणब्याचा पूर्वपक्ष कुणी मांडला? पोरीच्या लग्नाला दोन एकर विकायचे तर अडचण, उद्योग काढायचा तर अडचण. आणि ज्याने आयुष्यात माळढोक पाहिला नाही अशा माणसाच्या उताऱ्यावर माळढोक येऊन बसला. उजनीचे पाणी आले, उसाचे मळे उठले, आणि हद्द मात्र तिथेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर ती हद्द १२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आली. दरम्यान ज्या शेतकऱ्याला या पक्ष्याचा राखणदार करता आले असते त्याच्या मनात पक्ष्याविषयी चीड बसली होती. या चिडीचा माळढोकाला काही उपयोग झाला नाही. आज नान्नजच्या माळावर एखादा दिसला तरी बातमी होते. तो नाहीसा होण्याला कारणे अनेक आहेत, एकट्या हद्दीवर खापर फोडण्यात अर्थ नाही. पण पक्ष्याच्या मित्रांनी आधी शेतकऱ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून दाखवली असती, तर नकाशावरची रेघ निराळी निघाली असती असे मला वाटते.

या पाखराविषयी जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे डावीकडचे आणि उजवीकडचे त्याला लांबवर दिसते, पण नाकासमोरचे नीट दिसत नाही. माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारांवर तो आदळतो तो यामुळे. जड शरीर, ऐनवेळी वळता येत नाही. दोन्ही बाजू स्वच्छ दिसणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानून चालत नाही, समोर काय आहे तेही पाहावे लागते. राजस्थानात आणि गुजरातेत या तारांचाच खटला वर्षानुवर्षे चालला.

दिवाळी हा सण पक्षांच्या सांध्यावर बसलेला आहे, हे पंचांग उघडल्याबरोबर दिसेल. वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन आश्विनाच्या कृष्णपक्षात. पाडवा आणि भाऊबीज कार्तिकाच्या शुक्लपक्षात. दिव्यांचा सर्वांत मोठा दिवस अमावस्येला. आणि पाडव्याला आपण काय करतो? वामन हा विष्णूचा अवतार, त्याची पूजा वर्षभर चालू असते. त्याने ज्याला पाताळात घातले त्या बळीची त्या दिवशी पूजा. आपल्या बायका ओवाळताना बळीचे राज्य येवो असे म्हणतात. देव ज्याच्या विरुद्ध गेला त्याचे राज्य येवो, आणि ते देवासमोरच म्हणायचे! गेल्या पाडव्याला आमच्या शेजारच्या एका मुलीने आजीला विचारले, “आजी, आपण वामनाच्या बाजूचे की बळीच्या?” आजीच्या हातात निरांजन होते. ती म्हणाली, “आधी ओवाळू दे गं, वात विझेल.”